कंबर थांबली, पण तोल आला का?

(शेतकी विभागाकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय उसाचा नाही. ऊस पिकवणाऱ्याच्या आणि ऊस तोडणाऱ्याच्या कमरेचा आहे. गटवार बैठकीत खताची मात्रा सांगून झाली की मागून कोणीतरी हळूच म्हणते, "साहेब, मात्रा कळली, पण पोतं उचलायला कंबर कुठून आणू?" बैठकीत हशा होतो आणि विषय तिथेच राहतो. तो यंदा पुरता घ्यावा असे आम्ही ठरवले.

आम्ही डॉक्टर नाही, शेतकी शिक्षण घेतलेली माणसे आहोत. तेव्हा औषधोपचार सांगणे हे आमचे काम नव्हे. पण चोळणे, दाबणे, मणका 'बसवणे' अशा हाताच्या उपचारांवर आपल्या भागात पैसा व दिवस बरेच खर्च होतात आणि त्याबद्दल समज कमी, गैरसमज जास्त आहेत. शास्त्रज्ञांनी या बाबतीत जे शोधले आहे ते आपल्या कामाच्या भाषेत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू. तीन प्रश्न घेऊ. कंबर दुखली की माणसाचा तोल का बिघडतो? हाताच्या उपचाराने नेमके काय होते? आणि दुखणे थांबल्यावर मोळी पुन्हा डोक्यावर केव्हा घ्यावी?

आपल्या कामात कंबर आणि तोल

ऊसतोडणीत माणूस बुडख्याशी वाकतो, कोयता मारतो, ऊस साळतो, वाढे छाटतो, मोळी बांधतो. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन तो फळीवरून ट्रकवर किंवा ट्रॉलीवर चढतो. पायाखाली पाचट आणि दव, फळी हातभर रुंद, दोन्ही हात मोळीला. या ठिकाणी कंबर नुसती बळकट असून भागत नाही, ती तोल सांभाळणारीही असावी लागते.

बागायतदाराचे कामही याला अपवाद नाही. युरियाचे पोते २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोचे झाले, पण डीएपीचे पोते अजून ५० किलोचेच आहे. पंधरा-सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन सरीतून चालायचे, ट्रॅक्टरच्या सीटवर तासन् तास हिसके खायचे. शिवाय पंपाला वीज रात्रीची असली की अंधारात, चिखलात, बांधावरून दारे धरायला जायचे. या रात्रीच्या पाण्याची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

तोल कशावर उभा असतो

माणूस उभा असतो तेव्हा तो स्थिर वाटतो, पण तो सारखा बारीक हलत असतो आणि सारखा सावरत असतो. सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. पहिली खबर डोळ्यांची. दुसरी कानाच्या आतल्या भागातली, जिथे डोके कोणत्या बाजूला कलले ते कळते. तिसरी खबर तळपाय, घोटे, गुडघे, कंबर व मान येथील स्नायू आणि सांध्यांची. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळते, ते या तिसऱ्या खबरेमुळे.

एका ठिकाणची खबर बंद पडली तर इतर दोन काम भागवतात. बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोमबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याची सोपी परीक्षा सांगितली. पाय जुळवून उभ्या असलेल्या रोग्याला डोळे मिटायला सांगायचे. पायांची खबर बिघडलेली असेल तर तो डोळे उघडे असेतो उभा राहतो, मिटताच डोलू लागतो. ही परीक्षा आजही दवाखान्यात करतात.

कमरेत पाच मणके. त्यांच्यामध्ये गाद्या. मणक्याला मणका जोडणारे आखूड, खोलवरचे स्नायू पाठीकडून, आणि पोटाला पट्ट्यासारखा वेढणारा खोल स्नायू पुढून. टोळीच्या पालाची मेढ जशी चहूबाजूंच्या ताण्यांवर उभी असते तसा हा कणा या स्नायूंवर उभा असतो. एक ताणा सैल पडला तर मेढ मोडत नाही, पण वाऱ्याला झोल खाते. शिवाय हे स्नायू नुसते ताणे नाहीत. कणा किती वाकला, किती वळला याची खबर मेंदूला देणारे बारीक तंतू त्यांच्यातच असतात. म्हणजे धरणारा आणि खबर देणारा एकच.

कंबर दुखली की काय बिघडते

१९९६ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात हॉजेस व रिचर्डसन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. कंबरदुखीची पंधरा माणसे आणि धडधाकट पंधरा माणसे घेतली. त्यांना झटकन हात उचलायला सांगितले आणि पोटाचा खोल स्नायू केव्हा आवळतो ते मोजले. धडधाकट माणसांत हात हलवणारा स्नायू चालू व्हायच्या सुमारासच, किंवा आधीच, पोटाचा स्नायू कणा धरून ठेवत होता. कंबरदुखीवाल्यांत तो उशिरा जागा होत होता. उशीर अगदी क्षणाचा. पण फळीवर पाय सरकतो तोही क्षणाचाच खेळ असतो.

बेल्जियममधील ल्यूव्हन येथील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेली गोष्ट तर आपल्या शेतातलीच वाटावी अशी आहे. धडधाकट माणूस टणक जमिनीवर घोट्यांच्या खबरेवर तोल सांभाळतो. पायाखाली मऊ, हलती गादी आली की घोट्यांवर फार विसंबून चालत नाही, तेव्हा तो कमरेच्या खबरेकडे वळतो. वरचेवर कंबर दुखणारी माणसे मात्र मऊ जागेवरही घोट्यांनाच धरून राहतात आणि त्यामुळे जास्त डोलतात. ओली सरी, भुसभुशीत बांध, पाचटाचा थर म्हणजे आपली मऊ गादीच होय. कंबर दुखणारा माणूस डांबरी रस्त्यावर नीट चालतो आणि सरीत डगमगतो, त्याचे एक कारण इथे सापडते.

दुखण्यामुळे आणखी एक होते. भीतीने माणूस कंबर ताठ धरतो. "उसण भरेल" म्हणून तो लाकडासारखा चालतो. ताठ कंबर सावरण्याच्या कामी येत नाही. गाडी धुरजड झाली तर माल मागे सरकवता येतो, उलाळ झाली तर पुढे घेता येतो. पण माल दोरांनी असा करकचून बांधला की तसूभर हलेना, तर गाडीवान काय करणार? तीच गत ताठ कमरेची.

येथे एक सूचना. तोल जातो म्हणजे दर वेळी दोष कमरेचाच असे समजू नये. घर गरगर फिरल्यासारखे वाटत असेल तर कानाचा दोष असू शकतो. मधुमेहात तळपायांची जाणीव कमी होते. मोतीबिंदू, रक्तदाबाच्या गोळ्या, दारू यांनीही तोल जातो. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवून कारण नक्की करावे.

हाताचा उपचार म्हणजे काय

हाताने दुखणे काढण्याची विद्या सगळ्या देशांत जुनी आहे. आपल्याकडे हाडवैद्य आहेत, तालमीत पहिलवान एकमेकांचे अंग रगडतात, घरोघर निर्गुडीच्या पाल्याचा शेक होतो. पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेण्याची चालही अनेक गावांत अजून आहे. अमेरिकेत अँड्र्यू स्टिल यांनी १८७४ साली आणि डी. डी. पामर यांनी १८९५ साली कणा हाताने हलवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती सुरू केल्या. पुढे फिजिओथेरपीच्या शास्त्रात या हातकामाची तपासणी होत गेली. आपल्या राज्यात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या आरंभी फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. आज जिल्ह्याच्या गावी आणि बऱ्याच तालुक्यांतही शिकलेले फिजिओथेरपिस्ट मिळतात.

ढोबळमानाने या उपचाराचे तीन प्रकार आहेत :

(१) मालिश. स्नायू चोळणे, दाबणे, मोकळे करणे.

(२) सांधा हळूहळू हलवणे. मणक्यावर हात ठेवून लयीत दाब देणे. यात झटका नाही.

(३) झटक्याचा उपचार. सांधा एका टोकाला नेऊन एक छोटा, जलद धक्का देणे. यातच 'कट्' असा आवाज येतो.

या आवाजाने मोठा गोंधळ केला आहे. आवाज झाला म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसला, अशी समजूत आहे. ती खरी नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोटाचा सांधा ओढून मोडताना त्याची चालती चित्रे घेतली. सांध्याची टोके दूर होताच आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज त्याच वेळी होतो, असे दिसले. हाड कुठून निघाले नव्हते, त्यामुळे ते बसण्याचा प्रश्नच नव्हता. 'गादी सरकली' हा शब्दही असाच फसवा आहे. गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नाही, तिचा काही भाग फुगतो किंवा बाहेर येतो. तो हाताने ढकलून आत बसवता येत नाही. पुष्कळदा तो काही महिन्यांत आपोआप आकसतो.

मग हाताने आराम पडतो तो कसा? हाताच्या दाबाने व हालचालीने त्या भागातल्या तंतूंकडून मेंदूला नवी खबर जाते, दुखण्याची जाणीव काही काळ उतरते, आखडलेले स्नायू सैल होतात आणि माणसाची भीती कमी होते. हा आराम खरा आहे, पण मर्यादित आहे. मणका बसवण्याशी त्याचा संबंध नाही.

आणखी एक हिशेब ध्यानात घ्यावा. नव्याने भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत ते सहा आठवड्यांत आपणहून पुष्कळ कमी होते. त्यामुळे शेवटी ज्याच्याकडे गेलो त्याला यश मिळते. मृगाचा पाऊस पडायचा तेव्हा पडतो, पण आदल्या दिवशी ज्याने नवस बोलला त्याचे नाव होते, तसे हे आहे.

उपचाराचा गुण किती

इंग्लंडमध्ये १३३४ रोग्यांवर केलेली मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. नेहमीचे औषधपाणी, नुसता व्यायाम, नुसता हाताचा उपचार, आणि आधी हाताचा उपचार व मागून व्यायाम, अशी तुलना होती. हाताचा उपचार व मागून व्यायाम यांचा गुण तीन महिन्यांनी मध्यम आणि वर्षाने थोडा, असा दिसला. फार मोठा चमत्कार नव्हे, पण फुकटही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात समजावून सांगणे, व्यायाम, मालिश व मणक्याचा हाताने उपचार यांना जागा दिली आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणे हे नेहमीचा उपचार म्हणून करू नये, असेही सांगितले आहे. आपल्याकडे पट्ट्याचा खप किती आहे ते आम्ही सांगायला नको.

आता तोलाविषयी. अमेरिकेच्या सैन्यात कंबर दुखणाऱ्या ११० तरुण सैनिकांवर केलेला प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना चार आठवडे हाताचा उपचार दिला, निम्म्यांना तेवढा काळ थांबवून ठेवले. उपचार झालेल्यांची ओढण्याची ताकद व धडाचा दम वाढला. एका पायावर डोळे मिटून उभे राहण्याचा वेळही इतरांच्या मानाने सुधारला. डोळे उघडे ठेवून उभे राहण्यात मात्र दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. डोळे उघडे असतात तेव्हा कमरेची उणीव डोळे भरून काढतात, म्हणून ती दिसत नाही. डोळे मिटले की उघडी पडते. आपल्याकडे डोळे मिटण्याची परीक्षा रोज रात्री होते. बॅटरीच्या उजेडात दारे धरणारा शेतकरी, पहाटेच्या अंधारात गाडी भरणारी टोळी, डोक्यावरच्या मोळीमुळे स्वतःचे पाऊल न दिसणारी तोडणीवाली बाई, ही सगळी जवळजवळ डोळे मिटूनच तोल सांभाळत असतात. दिवसा अंगणात "मी ठीक आहे" म्हणणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते.

पण या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. माणसे तरुण होती, काळ चार आठवड्यांचा होता आणि तुलना काहीच उपचार न मिळालेल्यांशी होती. त्यातला किती गुण हाताचा, किती लक्ष दिल्याचा, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. पन्नाशीच्या बागायतदाराला तेवढाच फरक पडेल असे कोणी लिहून देऊ नये.

दुखणे जाते, स्नायू मागे राहतो

आता या लेखातला मुख्य मुद्दा. ऑस्ट्रेलियातच हाइड्स व सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेले ३९ रोगी घेतले. दुखऱ्या बाजूचा खोल स्नायू सोनोग्राफीने मोजला तर तो रोडावलेला होता. चार आठवड्यांत बहुतेकांचे दुखणे गेले, लोक कामाला लागले. पण ज्यांनी त्या स्नायूचा व्यायाम केला नव्हता त्यांचा स्नायू दहा आठवड्यांनंतरही भरला नव्हता. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००१ साली त्याच रोग्यांचा वर्षाचा हिशेब आला. व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्क्यांची कंबर वर्षात पुन्हा दुखली आणि न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांची. माणसे थोडी होती, हे खरे. तरी फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे.

म्हणजे दुखणे ही एक गोष्ट, स्नायू व तोल ही दुसरी. पहिली गेली म्हणजे दुसरी आली असे नाही. आपली माणसे नेमकी इथे फसतात. हाडवैद्याकडे किंवा दवाखान्यात दोन बैठका होतात, कळ थांबते, आणि "आता मोकळा झालो" म्हणून तिसऱ्या दिवशी माणूस मोळी घेऊन फळीवर चढतो. कळ होती तोवर ती राखण करत होती. राखणदार गेला आणि कुंपण अजून पडलेलेच आहे.

आमच्या भाषेत सांगायचे तर हाताचा उपचार म्हणजे आंबवणी. आंबवणीने कोंब तगतो. पण आंबवणी देऊन कोणी वर्षभर पाणी बंद करत नाही. पुढच्या पाळ्या म्हणजे व्यायाम आणि हळूहळू वाढवलेले काम. त्या ज्याच्या त्यानेच द्यायच्या असतात.

अंथरुण धरून बसणे हाही उपाय नाही. फिनलंडमधील हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कामगारांवरील प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. दोन दिवस सक्तीने पडून राहिलेल्यांपेक्षा, सोसेल तेवढे नेहमीचे काम करत राहिलेले लवकर बरे झाले.

घरी करावयाची तपासणी

दुखणे पुष्कळ कमी झाल्यावर, दिवसा, भिंतीजवळ उभे राहून आणि शेजारी एक माणूस ठेवूनच ही तपासणी करावी.

१. पाय जुळवून, डोळे उघडे, ३० पर्यंत मोजावे.
२. तसेच उभे राहून डोळे मिटावे, ३० पर्यंत मोजावे.
३. डोळे उघडे ठेवून एका पायावर १० पर्यंत मोजावे. मग दुसऱ्या पायावर.

एका पायावर जमते आणि दुसऱ्यावर नाही, किंवा डोळे मिटताच झोक जातो, तर फळी, शिडी, विहिरीच्या पायऱ्या आणि रात्रीचे पाणी यांपासून तूर्त दूर राहावे व फिजिओथेरपिस्टला दाखवावे. हे रोगाचे निदान नव्हे. जमिनीत कुदळ मारून वापसा पाहावा, तेवढेच याचे मोल.

रोजच्या 'पाळ्या'

पुढील व्यायाम बहुतेक ठिकाणी शिकवले जातात. पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्यावेत. करताना पायात कळ उतरली तर थांबावे.

१. उताणे निजून गुडघे उभे करावे. बेंबीखालचे पोट हलकेच आत घ्यावे, श्वास चालू ठेवून १० पर्यंत मोजावे. दहा वेळा.
२. त्याच स्थितीत कंबर वर उचलावी, ५ पर्यंत मोजून खाली टेकवावी. दहा वेळा.
३. गुडघे व तळहात टेकून चौपायी व्हावे. उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ करावा, मग उलट. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला आहे आणि तो सांडू द्यायचा नाही असे समजावे. दोन्ही बाजूंनी आठ-आठ वेळा.
४. भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे. जमू लागले की गोणपाटाच्या चौपदरी घडीवर. डोळे मिटणे सर्वांत शेवटी.
५. अंगणात चुन्याची रेघ मारून, टाचेला चवडा लावत तिच्यावरून चालावे.

वेळ पंधरा-वीस मिनिटे. निदान दोन-तीन महिने नेमाने करावे, कारण स्नायू पंधरवड्यात भरत नाही.

कामावर परतताना पायरी-पायरीने जावे. आधी सपाट जमिनीवर अर्धी मोळी. मग सपाटीवर पूर्ण मोळी. मग फळीवर रिकामे चढणे-उतरणे. मग फळीवर अर्धी मोळी. पूर्ण मोळी सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीला दोन-चार दिवस द्यावेत. एका पायरीवर कळ आली तर मागच्या पायरीवर यावे. टोळीत तोवर त्या माणसाला साळणे, बांधणे ही कामे द्यावीत आणि चढवण्याचे काम दुसऱ्याने घ्यावे. जोडीची मजुरी बुडू नये म्हणून मुकादमाने एवढी अदलाबदल जरूर करावी. माणूस फळीवरून पडला तर चार दिवसांची नव्हे, सगळ्या हंगामाची मजुरी जाते.

हात केव्हा लावू देऊ नये

पुढीलपैकी काहीही असेल तर चोळणे, दाबणे, झटका देणे सर्व बंद ठेवून तडक डॉक्टरांकडे जावे :

१. लघवी अडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा येणे. यात तासांना महत्त्व आहे, सकाळची वाट पाहू नये.
२. पायातली ताकद कमी होणे, पाऊल लोंबणे, चालताना चप्पल निसटणे.
३. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे.
४. ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षय.
५. आडवे पडूनही रात्री न थांबणारी कळ.
६. उतारवय, ठिसूळ हाडे किंवा बरेच दिवस स्टिरॉइडची औषधे.

गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणाकडूनही कंबर मोडून घेऊ नये. पोराला पाठीवर उभे करून तुडवून घेणे सोडावे. केस कापून झाल्यावर खुर्चीतच मान 'कडाड्' करून घेण्याची सवयही सोडावी. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, त्यांना इजा झाली तर अर्धांगापर्यंत पाळी येऊ शकते. ती थोड्यांवर येते, पण ज्याच्यावर येते त्याचे घर बसते.

उपचार करणाऱ्याला चार प्रश्न विचारायला संकोच करू नये. शिक्षण काय? राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का? किती बैठका लागतील? घरी व्यायाम कोणता? "व्यायामाची गरज नाही, दर आठवड्याला येत जा" असे उत्तर आले तर दुसरीकडे जावे. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर तोच उपचार ओढत न बसता पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

सभासदांनी व टोळ्यांनी एवढे करावे

१. मोळी बेताची बांधावी. एक खेप वाढली तरी चालेल.
२. फळी रुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली आणि खाली-वर पक्की टेकलेली असावी. चिखल-पाचट झटकून मगच चढावे.
३. अंधारात गाडी भरायची असेल तर उजेड फळीवर पडेल असा धरावा. आपला फड असेल तर ही सोय सभासदाने करावी.
४. खताचे पोते दोघांनी उचलावे, किंवा बांधावरच निम्मे करून न्यावे.
५. फवारणी पंप दोन्ही पट्ट्यांनी पाठीशी घट्ट बांधावा. तो एका खांद्यावर लटकवू नये.
६. कंबर नुकतीच बरी झालेल्याने रात्रीच्या पाण्याला एकट्याने जाऊ नये. हातात काठी आणि सोबत माणूस असावा. काठीत कमीपणा नाही, तोही एक तिसरा पायच आहे.

एकरी उतारा वाढावा म्हणून आपण माती तपासतो, पाणी तपासतो, बेणे तपासतो. ज्या कमरेवर हे सगळे चालते तिची तपासणी मात्र ती मोडल्यावर होते. तरी सभासद बंधू-भगिनींनी हा लेख घरात व आपल्या फडातल्या टोळीला वाचून दाखवावा, आणि कळ थांबल्यावर मोळीला हात घालण्यापूर्वी एकदा भिंतीजवळ एका पायावर उभे राहून पाहावे, अशी विनंती आहे. पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहू.